लाकडाच्या लेथवर काम करताना काय घालावं, काय घालू नये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची खोली सोलापुरात अक्कलकोट रोडला आहे. वडिलांच्या काळात इथं मागाला लागणाऱ्या लाकडी कांड्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीनं कातायच्या यंत्रावर, व्हायच्या. आता लाटणी, रव्या, मुसळं, देव्हाऱ्याचे खांब आणि अलीकडे लाकडी बाउल असं काम चालतं. रविवारी काही जण शिकायला येतात. कुणी बँकेतले, कुणी शाळेत शिकवणारे, एक-दोन इंजिनीअरिंगची मुलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

लेथवरून उडतं तरी काय? ढलप्या तर कागदासारख्या मऊ असतात.

ढलप्यांनी फार तर डोळ्यात कचरा जातो. भीती असते ती लाकडाच्या तुकड्याची. हिशेब करून बघा. १२ इंची बाउलचा घेर भरतो साधारण ९५ सेंटिमीटर. आपल्याकडची साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. दोन्हीकडची पुली सारखी असेल तर तेवढेच फेरे लाकडाला मिळतात, म्हणजे बाउलची कड ताशी ८० किलोमीटरच्या आसपास फिरत असते. पुणे हायवेला एस.टी. ज्या वेगानं जाते तो हा वेग. त्या कडेचा पाव किलोचा तुकडा निखळला तर तो त्याच वेगानं सरळ सुटतो. वाटेत येतं ते आपलं तोंड, कारण काम बघायला आपण वाकलेलो असतो. वेग दुप्पट केला की दणका चौपट होतो हेही लक्षात ठेवा.

लाटण्याचं गणित वेगळं आहे. दीड इंच जाडीचं लाटणं त्याच फेऱ्यांवर ताशी जेमतेम १० किलोमीटरनं फिरतं. म्हणून लाटणी कातणारा माणूस वीस वर्षं उघड्या तोंडानं काम करतो आणि त्याला काही होत नाही. मग एक दिवस तोच माणूस लेथवर बाउल चढवतो. सवय लाटण्याची आणि काम बाउलचं, तिथं घात होतो.

मला नंबरचा चष्मा आहे. वेगळं काही लागतं का?

लागतं. नंबरचा चष्मा नीट दिसण्यासाठी बनवलेला असतो, मार झेलण्यासाठी नाही. बाजूनं तो उघडा असतो, आणि काच असेल तर तीच फुटून डोळ्यात जाण्याची भीती. चष्म्यावरून बसेल असा बाजूबंद सेफ्टी गॉगल घ्या आणि त्यावर पूर्ण चेहऱ्याचं फेसशील्ड घाला.

दोन्ही कशाला, असं विचारतात. शील्ड कपाळापासून हनुवटीपर्यंत झाकतं, त्यामुळे दात, नाक, गालाचं हाड वाचतं. पण आतला कोपरा दिसला नाही की आपण ते नकळत वर करतो. त्या अर्ध्या मिनिटात डोळे वाचवायला खाली गॉगल असलेला बरा.

फेसशील्ड कोणतं घ्यावं? करोनाच्या वेळचं घरात पडून आहे.

ते टाकून द्या. ती पातळ शीट शिंतोडे अडवण्यासाठी होती, लाकडाचा तुकडा तिच्यातून आरपार येईल.

पॉलिकार्बोनेटचं, जाड आणि हनुवटीच्या खालपर्यंत येणारं शील्ड घ्या. दुकानात काचेच्या कडेवर कोरलेलं वाचा. युरोपच्या ईएन १६६ या मानकात ‘बी’ अक्षर असेल तर ते शील्ड सेकंदाला १२० मीटर वेगानं येणारी ६ मिलिमीटरची पोलादी गोळी झेलू शकतं. अमेरिकेच्या मानकाची खूण ‘झेड ८७’ अशी असते, आणि तिच्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर ते जास्त दणका सोसणारं समजावं. असं कुठलंच चिन्ह नसेल तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका.

आता त्या चाचणीतली एक बाब समजून घ्या. ती पोलादी गोळी भरते एक ग्रॅमहूनही कमी. अर्धा किलोचा बाभळीचा ओंडका म्हणजे ती गोळी नव्हे. शील्ड तुकडे, साली, खिळ्याचं टोक असलं बरंच काही अडवतं. पूर्ण बाउल सुटून तोंडावर आला तर कोणतंही शील्ड पुरं पडेल याची खात्री नाही. म्हणून पुढचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे.

शील्डला थिनर लावू नका. पॉलिशचे डाग काढायला म्हणून पुष्कळ जण लावतात आणि पॉलिकार्बोनेटला बारीक केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. चरे पडून अंधुक दिसायला लागलं किंवा एकदा जोरात मार बसला, की काच बदलायची.

म्हणजे शील्ड घातलं की निर्धास्त?

नाही. २०१९ च्या एप्रिलमधली माझीच गोष्ट सांगतो. बाभळीचा ११ इंची बाउल अर्धा करून मी चकसकट (लाकूड पकडणाऱ्या जबड्यासकट) काढून ठेवला आणि संध्याकाळी घाईच्या ऑर्डरची लाटणी केली. सकाळी बाउल परत चढवला. नुसता घासायचा कागद मारायचा होता, म्हणून शील्ड डोक्यावर वर सारलेलं. बेल्ट लाटण्यांच्या, म्हणजे जास्त फेऱ्यांच्या पुलीवरच राहिला होता. शिवाय रात्रभर गरम वारं लागून लाकडाला आतून तडा गेला होता, तोही मी पाहिला नाही. बटण दाबलं आणि दोन सेकंदांत कडेचा तुकडा माझ्या उजव्या भुवईवर बसला. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, हाडानं डोळा वाचवला. एक बोट खाली लागला असता तर आज मी एका डोळ्यानं हे लिहीत असतो.

शील्ड खोलीत होतं, किंबहुना डोक्यावरच होतं. कातताना मी ते कधी वर करत नसे. ‘एकच मिनिटाचं काम आहे’ म्हणून केलं. गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांकडून जेवढे अपघात ऐकले, त्यांतले बरेचसे असेच कागद मारताना, पॉलिश करताना, ‘फिरतंय का नीट बघू’ म्हणताना झालेले आहेत.

त्या दिवसापासून आमच्याकडे शील्ड भिंतीच्या खिळ्यावर नसतं. ते लेथच्या स्विचवर अडकवलेलं असतं. मोटर चालू करायची तर आधी शील्ड हातात घ्यावंच लागतं, आणि हातात आलेलं डोक्यावर जातं. याला खर्च काही नाही. लेथ कुठलंही असो, एवढं आजच करा.

बाकी तीन सवयी. पहिली, वेग. लाकडाचा व्यास इंचात घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यावं. ११ इंचाला साधारण ५५० ते ८००. मी १४४० वर लावला होता! ओबडधोबड, तोल न आलेला ओंडका असेल तर त्याहूनही कमी. दुसरी, चालू करण्याआधी लाकूड हातानं एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं, कुठं टेकतंय का. तिसरी, बटण दाबताना फिरत्या लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही. बाजूला सरकायचं, वेग पूर्ण येऊ द्यायचा, मग जागेवर यायचं.

हातमोजे घातले तर बोटं वाचतील ना?

उलट जातील. बोट लाकडाला घासलं तर साल निघते, पण हात बाहेर येतो. हातमोज्याचा धागा अडकला की लाकूड हाताला आत खेचतं. मोटरला थांबायला लागतो त्याहून कमी वेळ बोट मोडायला लागतो. ओंडके उचलताना, करवतीनं कापलेलं रचताना हातमोजे जरूर घाला. लेथ फिरत असताना नाही.

हीच गोष्ट पॉलिशच्या फडक्याची. कापड बोटाला गुंडाळून फिरत्या लाकडावर कधी धरू नका. कापडाऐवजी टिश्यू पेपरची घडी वापरा, अडकला तर फाटतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाखकाम करणारे कारागीर चकाकी आणायला केवड्याचं पान वापरतात, तेही मला याच कारणासाठी आवडतं.

कपडे कसे असावेत? मी साडीत किंवा ओढणीत काम करू शकते का?

ओढणी काढून ठेवा. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचून वरून मागे बांधायचा एप्रन घाला. खरं तर सलवार-कुर्ता किंवा पँट-शर्ट जास्त बरा. बाही एकतर कोपराच्या वर, नाहीतर मनगटाला घट्ट. वेणी पाठीवर सोडायची नाही, अंबाडा बांधून टोपीत किंवा रुमालात. बांगड्या आणि अंगठी काढायच्या.

माळेबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, गळ्यात तुळशीची माळ असणारे खूप. माळ काढायला मी सांगत नाही. ती शर्टाच्या आत जाऊ द्या, वरचं बटण लावा आणि वरून एप्रन घाला. मनगटातला गंडादोरा मात्र कोपराच्या वर बांधा किंवा काम होईपर्यंत सोडून ठेवा. दोरा लवकर तुटेल असं आपल्याला वाटतं, पण पाच पदरी दोरा मनगट कापतो. मोबाईलच्या हेडफोनची लोंबती वायरही यातच आली.

तोंडाला रुमाल बांधला तर धुळीला पुरतो का?

डोळ्याला दिसतो तो भुसा रुमालात अडकतो. तो नाकातही अडकतो आणि शिंकेबरोबर बाहेर पडतो. फुप्फुसात जाते ती न दिसणारी धूळ, आणि तिच्यासाठी रुमाल म्हणजे उघडं दार. दुपारी खिडकीतून उन्हाचा कवडसा आत येतो तेव्हा त्यात बघा. लेथ बंद करून चहा पिऊन आलात तरी ती तशीच तरंगत असते. म्हणजे काम थांबलं म्हणून लगेच मास्क काढायचा नाही.

लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींचा हा गट, तंबाखूचा धूरही त्यातच येतो. लाकडाच्या धुळीनं होणारा कर्करोग मुख्यतः नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा असतो. तो विरळा आहे, पण दमा, कायमची सर्दी, रात्रीचा खोकला हे विरळे नाहीत. माझे वडील शेवटची दहा वर्षं उशी उंच करून झोपायचे. त्यांच्या काळात मास्क कुणाला माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे.

एन ९५ किंवा एफएफपी २ लिहिलेला, आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेला मास्क घ्या. एन ९५ मधला ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के अडवले जातात. दोन पट्ट्या डोक्यामागून जाणारा घ्या, कानाला अडकवायचा सैल बसतो. नाकावरची पट्टी दाबून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय.

सगळ्यात बारीक धूळ कागद मारताना होते, आणि नेमका तेव्हाच मास्क गळ्यात लोंबत असतो. धूळ जिथं निघते तिथंच ओढून घेणारा व्हॅक्युम पाइप लावता आला तर मास्कवरचा भार बराच हलका होतो. फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरनं धूळ उडवणं सोडा.

दाढी असेल तर?

मास्क कातडीला चिकटत नाही आणि धूळ कडेनं आत जाते. दाढी राखायची असेल तर पंख्यानं गाळलेली हवा आत सोडणारं हेल्मेट मिळतं. ते महाग आहे, पण रोज आठ तास काम करणाऱ्यानं त्याचा विचार करावा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळं घालून बसवत नाही. काय करायचं?

तक्रार खरी आहे. सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली तर भट्टीच असते. घाम शील्डच्या आत टपकतो, काच धुरकट होते आणि माणूस वैतागून ते भिरकावतो. मी स्वतः हे केलेलं आहे.

आम्ही उन्हाळ्यात वेळ बदलतो. बाउल आणि मोठं काम सकाळी सहा ते दहा. दुपारी ओंडके निवडणं, हत्यारांना धार, पॅकिंग. मास्क उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह असलेला वापरतो, त्यानं आतली वाफ बाहेर जाते. कपाळाला सुती पट्टी बांधली की घाम डोळ्यात उतरत नाही. शील्डच्या आतून साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरडं पुसलं की वाफ कमी धरते. टेबलफॅन पाठीमागून नको, धूळ तोंडासमोर घुटमळते. बाजूनं लावा, म्हणजे वारा धूळ दाराकडे नेतो.

आणि उन्हाळ्यात लाकूड चढवण्याआधी रोज बघा. आपल्या कोरड्या हवेत ओलं लाकूड फार भराभर आटतं. संध्याकाळी धड असलेलं सकाळी चिरलेलं असतं. बोटाच्या पेरानं ठोका. धड लाकूड खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. अर्धवट बाउल रात्री त्याच्याच ढलप्यांत, पिशवीत घालून ठेवायचा आणि ओंडक्याच्या तोंडाला मेण लावायचं.

जुन्या वाड्याचं सागवान मिळालंय. ते तर मुरलेलं असतं, त्याला काय भीती?

खिळ्यांची. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, कड्या, चौकटी यांत मोडलेले खिळे आत बसलेले असतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला ठोकलेल्या बोर्डांचे खिळेही झाड गिळून टाकतं. चांगलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून चारी अंगांनी फिरवा. फिरत्या लाकडात पटाशी खिळ्याला लागली तर हत्याराचं टोक उडतं.

कुठल्या लाकडानं त्रास होतो?

शिसवीच्या धुळीनं पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. सागवानही काहींना सोसत नाही. कडुनिंबानं घसा कडू होऊन चरचरतो, आंब्याचा चीक काहींना उठतो. त्रास पहिल्या दिवशी होईलच असं नाही. वर्षभर काही होत नाही आणि मग एकदम सुरू होतो, तो पुढे थोड्याशा धुळीनंही होतो. पूर्ण बाह्या, मास्क आणि काम झालं की लगेच हात-तोंड धुणं हाच उपाय. कण्हेर लेथला लावूच नका, ती सगळी विषारी. बिब्ब्याचं झाडही नको. बिब्बा उततो म्हणजे काय होतं ते घरातल्या कुठल्याही आजीला विचारा.

कानात बोळे घालायची गरज आहे का?

लेथ एकटं असेल तर बऱ्याचदा नाही. शेजारी ग्राइंडर, गोल करवत, कॉम्प्रेसर चालत असेल तर आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास गेलाय असं समजा. फोमचे बोळे स्वस्त आहेत.

पायात?

बंद बूट. खाली पडलेली पटाशी नेहमी धारेवरच पडते. चपला दाराबाहेर.

मी फक्त तुळशीचे मणी आणि भोवरे करतो. एवढ्याशा कामाला काय लागतं?

शील्डऐवजी चांगला गॉगल चालेल. मास्क मात्र जास्त हवा, कारण मणी करताना तोंड लेथपासून वीतभर अंतरावर असतं आणि दिवसभर तीच धूळ आत जाते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी भोवऱ्यांची घाई असते, रात्री उशिरापर्यंत काम चालतं. झोप आलेल्या डोळ्यांनी लेथवर बसू नका. शंभर भोवरे कमी गेले तरी चालतील.

काम करताना लाईट गेली तर?

आधी स्विच बंद करा, मग मेणबत्ती शोधा. साधा स्विच असेल तर लाईट आली की लेथ आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा तुमचा हात चकवर असू शकतो. इलेक्ट्रिशियनला सांगून असा स्टार्टर बसवून घ्या, जो लाईट गेली की बंद पडतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही.

तेल-पॉलिशला काही काळजी?

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा भुशाच्या पोत्यावर टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, आणि बोळ्यात ती गरमी कोंडून फडकं आपोआप पेट घेतं. काडी लावावी लागत नाही. फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवा.

मुलं बघायला येतात. त्यांना जवळ उभं करावं का?

बघायला जरूर येऊ द्या, हे काम पुढं जायला हवं. पण त्यांनाही गॉगल द्या आणि फिरत्या लाकडाच्या रेषेत उभं करू नका. टेलस्टॉकच्या, म्हणजे मोटरच्या विरुद्ध टोकाकडून सगळं छान दिसतं. आमच्याकडे लहान मापाचे दोन गॉगल वेगळे ठेवलेत. मुलं ते मोठ्यांपेक्षा नीट घालतात.

खोलीत चार कामगार आहेत. घाला म्हटलं तरी घालत नाहीत.

१९४८ च्या कारखाना कायद्यातच डोळ्यांच्या संरक्षणासाठी वेगळं ३५ वं कलम होतं. तुमच्या खोलीला कायदा लागू होवो न होवो, शील्ड मालकानं स्वतःच्या पैशानं द्यायचं, पगारातून कापायचं नाही. चौघांत एक ठेवू नका. दुसऱ्याच्या घामाचं शील्ड कुणी घालत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. प्रत्येकाला वेगळं द्या, वर रंगानं नाव लिहा. चष्म्यावरून बसत नसेल, कान दुखत असतील तर बदलून द्या. आणि आधी स्वतः घाला. नगाप्रमाणे मजुरी असेल तर माणूस शील्ड पुसायलाही थांबत नाही, तेव्हा दरातच तेवढा वेळ धरा.

डोळ्यात काही गेलंच तर?

चोळू नका. नुसता भुसा असेल तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा, पंधराएक मिनिटं. तुकडा रुतलेला दिसत असेल तर तो ओढू नका, डोळ्यावर पाणी मारू नका, दाब देऊ नका. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीनं चिकटवा, म्हणजे काही लागणार नाही. दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगा, एक हलला की दुसरा हलतो. लगेच सिव्हिलला किंवा जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्या, नाहीतर १०८ ला फोन करा. गाडी त्या माणसाला चालवू देऊ नका. लाकूड कोणतं होतं ते डॉक्टरांना सांगा, आणि त्यातला एक तुकडा खिशात घालून न्या.